जिम प्राइम यांचे संगीत संयोजन : गार्फिल्ड कॅडेट्स ते स्टार ऑफ इंडियाना (१९८३–१९९३)

सूरपेटी (धागाकर्ता)

जुनी हिंदी चित्रपटगीते मन लावून ऐकणाऱ्यांना सेबॅस्टियन डिसूझा आणि अनिल मोहिले ही नावे ठाऊक असतात. मात्र त्यांनी एखाद्या गाण्यात नेमके काय केले, असे कोणी विचारले, तर आपल्यापैकी बहुतेकांना दोन वाक्यांपलीकडे जाता येत नाही. चाल संगीतकाराची, शब्द कवीचे, गळा गायकाचा, आणि उरलेले सगळे, म्हणजे आपल्या कानावर पडणाऱ्या नादाचा मोठा भाग, संयोजकाचा असूनही तो श्रेयनामावलीत शेवटी येतो किंवा येतही नाही. अमेरिकेतील ड्रम अँड ब्युगल कोअर या प्रकाराकडे मी वळलो तो याच कारणाने. तिथे वाजवले जाणारे संगीत बहुधा आधीच प्रसिद्ध असते, मूळ रचनाकार सर्वांना परिचित असतो, त्यामुळे मैदानावर जे नवे ऐकू येते ते जवळजवळ संपूर्ण संयोजकाचे काम असते आणि ते लपून राहत नाही.

ज्यांना या प्रकाराची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जास्तीत जास्त एकवीस-बावीस वर्षे वयाच्या मुलामुलींचे हे पथक असते. १९८३–९३ या काळात त्यात पितळी वाद्ये, तालवाद्ये आणि निशाणे घेऊन नाचणारा गट एवढेच असे. बासरी, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन यांना पूर्ण मज्जाव. उन्हाळाभर ही मुले बसने गावोगाव फिरतात, शाळांच्या व्यायामशाळेत जमिनीवर झोपतात आणि दहा-बारा मिनिटांचा एकच कार्यक्रम रोज घासूनपुसून घेतात. ड्रम कोअर इंटरनॅशनल या संस्थेची राष्ट्रीय स्पर्धा १९७२ मध्ये सुरू झाली आणि तिची अंतिम फेरी ऑगस्टमध्ये होते. आपण ज्या दशकाबद्दल बोलणार आहोत, त्या काळात पथकाची कमाल संख्या १२८ होती.

जिम प्राइम यांचे नाव या क्षेत्रात पितळी वाद्यांच्या संयोजनाशी जोडलेले आहे. न्यू जर्सीतील गार्फिल्ड कॅडेट्स या पथकाने १९८३, १९८४ आणि १९८५ अशी सलग तीन अजिंक्यपदे मिळवली, त्या वर्षांतील पितळी संगीत त्यांचे. १९८३ साली रॉन नेल्सन यांची 'रॉकी पॉइंट हॉलिडे', १९८४ साली लेनर्ड बर्नस्टाइन यांची 'वेस्ट साइड स्टोरी', १९८५ साली पुन्हा बर्नस्टाइन, पण या वेळी 'जेरेमाया' सिंफनीसारखी अवघड रचना. नंतर प्राइम इंडियाना राज्यातील ब्लूमिंग्टनच्या स्टार ऑफ इंडियाना या पथकाकडे गेले. १९९१ मध्ये ओत्तोरिनो रेस्पिगी यांच्या रोमविषयक संगीतावर त्या पथकाने अजिंक्यपद मिळवले आणि १९९३ मध्ये सॅम्युएल बार्बर व बेला बार्टोक यांच्या संगीतावर उभा केलेला कार्यक्रम एक दशांश गुणाने दुसरा आला.

माझे म्हणणे एवढेच आहे की, या दहा वर्षांत प्राइम यांनी काय भरले यापेक्षा काय काढून टाकले, हे ऐकण्यासारखे आहे. साठ-सत्तर पितळी वाद्ये हाताशी असताना ती सर्व एकदम वाजवण्याचा मोह प्रत्येक संयोजकाला होतो, कारण टाळी तिथेच पडते. प्राइम यांच्या १९९३ च्या कामात तो मोह जवळजवळ संपूर्णपणे आवरलेला आहे. जाणकारांनी यात भर घालावी, विरोधही करावा.

---

कोमल_धैवत

उत्तम विषय. आपण 'काय काढून टाकले' असे म्हणता. मी त्याच्या आधीची पायरी मांडतो, कारण १९८३–८५ च्या काळात प्राइम यांच्या हातात जी वाद्ये होती, त्यांतून काही स्वर मुळातच काढून टाकलेले होते.

त्या काळातील सर्व ब्युगल जी या स्वरात बांधलेले असत. ज्या ब्युगलला एकही कळ नाही, त्यातून फक्त नैसर्गिक स्वरमालिका निघते. त्याच्या मूळ स्वराला षड्ज मानले, तर मिळतात ते सा, प, वरचा सा, वरचा ग, वरचा प आणि त्यापुढचे काही. सैन्यात वाजणारी सगळी ब्युगलची धून एवढ्याच स्वरांत का असते, ते यावरून कळेल. १९७७ पासून ड्रम कोअरमध्ये दोन उभ्या कळांच्या ब्युगलला परवानगी मिळाली. एक कळ स्वर अर्ध्या पायरीने उतरवते, दुसरी पूर्ण पायरीने, आणि दोन्ही दाबल्या की दीड पायरी. म्हणजे प्रत्येक नैसर्गिक स्वरापासून खाली तीन अर्धस्वर मिळतात, चौथा मिळत नाही.

आता हार्मोनियमवर बोट ठेवून पाहा. मध्य सप्तकात पंचमापासून खाली उतरताना तीव्र मध्यम, शुद्ध मध्यम आणि शुद्ध गंधार मिळतात, पण कोमल गंधार, शुद्ध ऋषभ आणि कोमल ऋषभ मिळत नाहीत. वरच्या षड्जापासून खाली येताना शुद्ध निषाद, कोमल निषाद, शुद्ध धैवत मिळतात आणि कोमल धैवत मिळत नाही. तार सप्तकात मात्र नैसर्गिक स्वर एकमेकांच्या जवळ येतात, त्यामुळे तिथे सर्व बारा स्वर हजर असतात. थोडक्यात, वर पूर्ण सप्तक आणि खाली चार भोके असलेले सप्तक, अशा वाद्यांवर बर्नस्टाइनचे संगीत बसवायचे होते. 'वेस्ट साइड स्टोरी'चे संगीत षड्ज–तीव्र मध्यम या ताणावर उभे आहे, आणि ते सतत स्थान बदलत राहते. एका पट्टीत बसले म्हणून पुढच्या पट्टीत बसेलच याची खात्री नाही.

यावर उपाय काय? सोप्रानो (उंच आवाजाच्या) ब्युगलचे जे मध्य सप्तक, तेच बॅरिटोन ब्युगलचे तार सप्तक, कारण बॅरिटोन एक सप्तक खाली बोलते. सोप्रानोला जिथे भोके आहेत तिथे बॅरिटोन पूर्ण आहे. म्हणून जाणता संयोजक मधला पट्टा बॅरिटोनकडे सोपवतो, सोप्रानोला वर ठेवतो आणि एकाच सुरावटीचे तुकडे दोन-तीन गटांत वाटून देतो, तेही असे की श्रोत्याला सांधा ऐकू येऊ नये. १९८४ च्या कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण कान देऊन ऐकले, तर एक सुरावट एका गटातून दुसऱ्या गटात कशी सरकते ते कळते. पुष्कळ लोक याला 'झगमगाट' म्हणतात. माझ्या मते त्यात वाद्याच्या उणिवेवर केलेली मातही आहे, आणि ती मला अधिक मोठी वाटते.

१९९० मध्ये तिसरी कळ आली आणि ही भोके बुजली. म्हणून १९९१ चे रेस्पिगी आणि १९९३ चे बार्बर–बार्टोक हे तीन कळांच्या, पण अजूनही जी स्वरातील ब्युगलवर वाजलेले संगीत आहे. कोणत्याही स्वरातील पितळी वाद्यांना परवानगी मिळाली ती २००० मध्ये.

---

पहिला_चौथरा

मी गेली बरीच वर्षे अमेरिकेच्या मध्यभागात राहतो आणि इंडियानापोलिसला होणाऱ्या अंतिम फेरीला जात असतो. वरील दोन्ही प्रतिसाद माहितीपूर्ण आहेत, पण १९९३ च्या कार्यक्रमाबद्दल इथे जे कौतुक होऊ घातले आहे, त्याला थोडा अटकाव करणे मला आवश्यक वाटते.

तो कार्यक्रम पाहून त्या उन्हाळ्यात प्रेक्षकांपैकी अनेकांनी नापसंती दर्शवली, काही ठिकाणी हुर्योही उडवली. आज त्याची गणना या क्षेत्रातील सर्वांत महत्त्वाच्या कार्यक्रमांत होते, म्हणून तेव्हाचे प्रेक्षक अडाणी होते असे म्हणण्याची पद्धत पडली आहे. ती मला अन्यायाची वाटते. ड्रम कोअर हा लोकांच्या आधारावर वाढलेला प्रकार आहे. युद्धातून परतलेल्या सैनिकांच्या संघटना, चर्चचे युवक गट, गावातले बँड यांतून तो आला. आठवडाभर कारखान्यात काम करून शनिवारी मुलाबाळांसह मैदानावर येणाऱ्या माणसाला ओळखीची सुरावट ऐकायची असते आणि शेवटी अंगावर काटा आणणारा मोठा नाद हवा असतो. ही मागणी हलकी नाही. १९८४ मध्ये प्राइम यांनी ती पूर्ण केली होती, आणि तरीही कोणी त्यांना सवंग म्हटले नाही. १९९३ मध्ये ती नाकारण्याची गरज होती का, हा माझा प्रश्न आहे.

एक दशांश गुणाच्या फरकाबद्दलही बोलायला हवे. त्या वर्षी मिसिसिपी राज्यातील जॅक्सन येथे झालेल्या अंतिम फेरीत कॅडेट्स ऑफ बर्गन काउंटी (म्हणजे पूर्वीचे गार्फिल्ड कॅडेट्सच) ९७.४ गुणांनी जिंकले आणि स्टारला ९७.३ मिळाले. कॅडेट्सचे संगीत डेव्हिड होल्सिंगर यांचे होते, अतिशय अवघड होते, आणि तरी ते प्रेक्षकांना सोबत घेऊन गेले. त्यामुळे 'अवघड विरुद्ध सोपे' अशी ही लढत नव्हतीच.

---

ताशा_तर्री

पहिला_चौथरा, आपला आक्षेप विचार करण्याजोगा आहे. त्याकडे मी शेवटी येतो. आधी तालवाद्यांची बाजू मांडू द्या, कारण पितळी संयोजकाची गोष्ट तालवाद्यांशिवाय अर्धी राहते.

गार्फिल्डमध्ये आणि पुढे स्टारमध्येही प्राइम यांच्या जोडीला तालवाद्यांचे संयोजक होते थॉम हॅनम, पितळी वाद्ये घोटून घेणारे होते डॉनी व्हॅन डोरेन, आणि मैदानावरील रचना आखणारे होते जॉर्ज झिंगाली, जे १९९२ मध्ये वारले. ही मंडळी एकत्र विचार करत असत, म्हणून त्यांच्या संगीतात आणि हालचालीत फारकत दिसत नाही. एकाने लिहायचे, दुसऱ्याने त्यावर ताल चढवायचा, तिसऱ्याने माणसे हलवायची, असे तुकड्यातुकड्यांचे काम ते नव्हते.

आता मैदानाचा विचार करा. फुटबॉलचे मैदान गोलरेषांमध्ये शंभर यार्ड लांब असते, म्हणजे सुमारे ९१ मीटर. आवाज एका सेकंदात साधारण ३४३ मीटर जातो. या टोकाचा नाद त्या टोकाला पोचायला सेकंदाच्या पावभागाहून थोडा जास्त वेळ लागतो, आणि जलद लयीत तेवढ्या वेळात दोन-तीन मात्रांचे भाग निघून जातात. मिरवणुकीतल्या ढोल-ताशा पथकात मागच्या रांगेचा ढोल पुढच्या ताशाच्या मागे का पडतो, हे ज्याने अनुभवले आहे त्याला हे वेगळे सांगायला नको. ड्रम कोअरमध्ये यावर शिस्त अशी की, मैदानाच्या पुढच्या कडेला मारिंबा, झायलोफोन ही लाकडी पट्ट्यांची वाद्ये आणि टिंपनी हे मोठे नगारे घेऊन उभे असलेले वादक मागून येणारा ताल ऐकून वाजवतात, म्हणजे दोन्ही नाद प्रेक्षकांकडे एकदम पोचतात. आणि पितळी वादकांनी मात्र कानावर विसंबायचे नाही, समोर उभे राहून हातांनी लय दाखवणाऱ्या ड्रम मेजरच्या हातांवर आणि आपल्या पावलांवर भरवसा ठेवायचा. हे सर्व माहीत असणाऱ्या संयोजकाला एखादे जलद सवाल-जवाब कोणत्या गटांत टाकावे आणि कोणत्या गटांत टाकू नये, हे लिहितानाच ठरवावे लागते. कागदावर सुंदर दिसणारा जवाब साठ यार्डांवरून आला, तर त्याचा चिखल होतो.

तालवाद्ये मैदानाच्या पुढे जमिनीवर ठेवण्याची मुभा १९८२ मध्ये मिळाली. तोपर्यंत झायलोफोनसारखी वाद्येही गळ्यात अडकवून चालावे लागे. याचा अर्थ, प्राइम आणि हॅनम यांना १९८३ मध्ये हा नवा पट्टा नुकताच हाती आला होता. 'रॉकी पॉइंट हॉलिडे' मूळ वाद्यवृंदात बासऱ्या आणि क्लॅरिनेट यांच्या धावत्या तानांनी भरलेली आहे; त्या ताना पितळी वाद्ये आणि लाकडी पट्ट्यांची वाद्ये यांत वाटल्या गेल्या, म्हणून ती रचना मैदानावर धावू शकली.

आणि सर्वांत महत्त्वाचे : ध्वनिवर्धकांना परवानगी मिळाली २००४ मध्ये. १९९३ साली मारिंबा ऐकू यायची असेल, तर एकच मार्ग होता. तिच्यावरून जाणाऱ्या पितळी वाद्यांनी गप्प बसायचे किंवा अगदी हळू वाजवायचे. बार्बर यांच्या 'मेडियाचे ध्यान आणि सूडनृत्य' या रचनेत सूडाच्या नृत्याची सुरुवात पियानोच्या एका फिरत्या, पुन्हा पुन्हा येणाऱ्या आकृतीने होते आणि तिच्यावर एकेक थर चढत जातो. मैदानावर पियानो नाही. ती आकृती पट्टीवाद्यांना द्यायची तर पितळी वाद्यांचे थर किती पातळ ठेवायचे, कोणत्या क्षणी जाड करायचे, हे तोलणे हाच संयोजनाचा कस. धागाकर्त्यांनी 'काढून टाकले' असे म्हटले, ते मला इथे सर्वाधिक पटते. ती निव्वळ आवडीनिवडीची बाब नव्हती. तसे केले नसते, तर संगीताचा पायाच ऐकू आला नसता.

आता आपल्या प्रश्नाकडे. मेडिया ही ग्रीक पुराणातील स्त्री. नवऱ्याने टाकलेली, आणि सूडापोटी आपल्याच मुलांचा जीव घेणारी. मार्था ग्रॅहम यांच्या नृत्यनाट्यासाठी बार्बर यांनी हे संगीत लिहिले. अशा कथेच्या शेवटी मोठा, प्रसन्न, सर्वांना उठून उभे राहावेसे वाटेल असा नाद लावणे म्हणजे कथेशी बेइमानी झाली असती. प्रेक्षकांची मागणी हलकी नव्हती हे मान्य. पण हा विषय हाती घेतल्यावर ती पूर्ण करता येण्यासारखी नव्हती.

---

सूरपेटी (धागाकर्ता)

तिघांचेही आभार. कोमल_धैवत यांनी चार गहाळ स्वरांचा हिशेब इतका नेमका मांडला आहे की, १९८४ चे ध्वनिमुद्रण मी पुन्हा त्या दृष्टीने ऐकायला बसलो, आणि मधल्या पट्ट्यातील बॅरिटोनचे काम प्रथमच वेगळे काढून ऐकता आले.

पहिला_चौथरा यांच्या आक्षेपातील एक भाग मी पूर्णपणे मान्य करतो : हुर्यो उडवणारे अडाणी नव्हते. त्यांनी या प्रकारावर प्रेम केले होते आणि त्यांना तो हातातून जातो आहे असे वाटले. पण १९९३ च्या आधीची दोन वर्षे पाहिली, तर प्राइम आणि त्यांचे सहकारी अचानक तिथे पोचले नव्हते. १९९१ च्या रेस्पिगीमध्ये भव्यता भरपूर होती. शेवट तर असा होता की, आपण म्हणता तो कारखान्यातला माणूसही तृप्त होऊन घरी गेला असेल. १९९२ मध्ये 'सिंपल गिफ्ट्स' या शेकर पंथीयांच्या साध्या गीतावर त्यांनी कार्यक्रम बांधला. लोकांना रुचेल असे देता येत नव्हते म्हणून ते बार्बरकडे गेले, असा याचा अर्थ निघत नाही. ते देऊन झाल्यावर ते गेले.

बार्टोकबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून मी लिहितो. 'तंतुवाद्ये, तालवाद्ये आणि चेलेस्टा यांसाठी संगीत' ही १९३६ ची रचना. बार्टोक यांनी त्यात तंतुवाद्यांचे दोन गट करून त्यांना रंगमंचाच्या दोन बाजूंना समोरासमोर बसवायला सांगितले आहे आणि मधे पियानो, चेलेस्टा (पियानोसारखे, घंटेच्या नादाचे वाद्य), झायलोफोन, टिंपनी वगैरे ठेवली आहेत. म्हणजे नाद कुठून येतो, हा प्रश्न मूळ रचनाकारानेच संगीताचा भाग केला होता. सभागृहात हे अंतर काही मीटरांचे असते. ज्या संयोजकाने दहा वर्षे शंभर यार्डांच्या मैदानासाठी लिहिले, त्याला ही रचना का खुणावली असेल, हे समजायला कठीण नाही.

तंतुवाद्यांचे संगीत पितळी वाद्यांवर आणताना सर्वांत मोठी अडचण श्वासाची असते. व्हायोलिनचा गज परत फिरताना नाद तुटत नाही. फुंकणाऱ्याला मात्र श्वास घ्यावाच लागतो, आणि इथे तर तो चालत, कधी धावत असतो. मग एकाच स्वरावर असलेल्या वादकांनी आळीपाळीने, शेजाऱ्याने घेतला त्या क्षणी न घेता, श्वास घ्यायचा असतो, म्हणजे बाहेरून नाद अखंड राहतो. हळू वाजवताना हे फार कठीण, कारण मोठ्या आवाजात एखाद्याचे गप्प होणे झाकले जाते, हळू आवाजात नाही. त्यातच बार्बर आणि बार्टोक यांचे स्वरसमूह एकमेकांना खेटून असतात. एक वादक जरासा जरी बेसूर झाला, तरी तो कर्कशपणा लिहिलेला आहे की चुकून झालेला, हे श्रोत्याला कळेनासे होते. एकवीस वर्षांच्या आतल्या मुलांकडून उघड्या मैदानावर, वाऱ्यात, हे वाजवून घेण्याइतका विश्वास संयोजकाने कागदावर दाखवला आणि मुलांनी तो खरा केला.

---

पहिला_चौथरा

'ते देऊन झाल्यावर ते गेले' हा मुद्दा मला मान्य करावा लागेल. एक भर घालतो. १९९३ नंतर स्टार ऑफ इंडियाना स्पर्धेत उतरलेच नाही. १९९४ मध्ये त्यांनी कॅनेडियन ब्रास या पितळी पंचकासोबत रंगमंचीय कार्यक्रम केले, आणि त्यातूनच पुढे 'ब्लास्ट!' हा प्रयोग उभा राहिला. तो १९९९ च्या डिसेंबरमध्ये लंडनला हॅमरस्मिथ येथे सुरू झाला, २००१ मध्ये ब्रॉडवेवर आला आणि त्या वर्षीचा विशेष नाट्यप्रयोगासाठीचा टोनी पुरस्कार त्याला मिळाला. त्याच्या पहिल्या अंकाचा शेवट मेडियानेच होत असे. ज्या संगीतावर मैदानात नापसंती उमटली, त्यावर मध्यंतराला टाळ्या पडत होत्या.

मात्र मी माझा मूळ मुद्दा सोडत नाही. नाट्यगृहात तिकीट काढून आलेला प्रेक्षक आणि उन्हात चौथऱ्यावर बसलेला प्रेक्षक यांची अपेक्षा वेगळी असते, आणि त्या संगीताला बहुधा पहिलाच प्रेक्षक हवा होता.

---

ताशा_तर्री

किंवा पहिली जागा. छताखाली मारिंबाचा नाद भिंतीवरून परत येतो, मैदानात तो आकाशात जातो. 'ब्लास्ट!'मध्ये तोच भाग ऐकताना पट्टीवाद्ये ठळक लागतात, पण पितळी वाद्यांचे थर एकमेकांपासून दूर जाण्याचा जो परिणाम मैदानावर मिळतो, तो तिथे नाही. मला दोन्ही ऐकूनही मैदानावरचेच अधिक आवडते, कारण प्राइम यांनी ते अंतर गृहीत धरूनच लिहिले होते.

---

सूरपेटी (धागाकर्ता)

ज्यांनी यांतले काहीच ऐकलेले नाही त्यांनी थेट १९९३ पासून सुरुवात करू नये, असे मला वाटते. आधी १९८४ ऐकावे आणि सुरावट कोणत्या गटातून कोणत्या गटात जाते ते टिपावे. मग १९९१ चा शेवट. त्यानंतर बार्बर यांची मूळ वाद्यवृंदासाठीची रचना, विशेषतः पियानोची आकृती सुरू होते तिथपासून पुढे. आणि मग १९९३ ऐकताना सोप्रानो ब्युगल किती वेळ गप्प आहेत, एवढ्याकडेच पहिल्या खेपेस लक्ष द्यावे. कोणी तसे ऐकले, तर इथे जरूर लिहावे. कोमल_धैवत यांना विनंती, की तिसऱ्या कळेमुळे १९९३ मध्ये नेमके कोणते खालचे स्वर वापरता आले, ते त्यांनी सवडीने मांडावे.